वनस्पतींची शास्त्रीय रेखाचित्रे: रॉट्रिंग पेन की टॅब्लेट?

नव्या प्रजातीच्या वर्णनासोबत छापायची प्लेट, म्हणजे तिच्या सगळ्या आकृत्यांचे एकत्रित चित्र, रॉट्रिंगसारख्या ठरावीक जाडीची रेघ देणाऱ्या पेनाने शाईत ट्रेसिंग पेपरवर काढावी की टॅब्लेट वापरून संगणकावर, हा प्रश्न वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी विचारतात, तसेच चित्रकलेकडून या कामाकडे वळलेलेही विचारतात. या कामातला बराचसा वेळ ज्यात जातो, त्या भागात दोन्ही साधनांत काहीच फरक पडत नाही, हे आधी लक्षात घ्यावे. हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातल्या, कागदावरचे वाळलेले फूल गरम पाण्यात मऊ करणे, सूक्ष्मदर्शकाखाली ते उभे चिरणे, मापे घेणे आणि कच्चे पेन्सिलचित्र अभ्यासकाला दाखवून घेणे हे दोन्हीकडे सारखेच असते. निवड करायची ती त्या पेन्सिलचित्रावर पक्की रेघ चढवताना.

सह्याद्रीतल्या कंदीलपुष्पाचे, म्हणजे सेरोपेजियाचे, उदाहरण घेऊ. त्याच्या पाच पाकळ्या टोकाशी जुळून कंदिलासारखा आकार होतो, आत शिरलेल्या चिलटांना काही काळ अडकवून ठेवणारी लव नळीत असते आणि तळाशी किरीट (कोरोना) म्हणजे मुकुटासारखा भाग असतो. प्रजाती ओळखताना किरीटाची ठेवण फार महत्त्वाची ठरते. अशी प्लेट साधारणपणे छपाईच्या दुप्पट आकारात काढतात. ०.१ मिलिमीटरच्या निबने ओढलेली रेघ छापताना ०.०५ मिलिमीटर होते आणि बहुधा नाहीशी होते, म्हणून लवेसाठीसुद्धा ०.२ची निब बरी. कागदावर आपण सतत एकाच आकारात काम करत असल्याने हे भान आपोआप राहते. टॅब्लेटवर मात्र चित्र चारशे टक्के मोठे करून एकेक केस रंगवण्याचा मोह होतो, आणि छापल्यावर त्या जागी निव्वळ करडा डाग दिसतो. नवशिक्यांच्या डिजिटल प्लेटांत मला सर्वाधिक आढळणारा दोष हाच आहे.

दुरुस्तीच्या बाबतीत पारडे पूर्णपणे उलटे फिरते. एका प्लेटमध्ये मी नळीच्या आतली लव तळापर्यंत दाखवली होती; पुढच्या पावसाळ्यात अभ्यासकाला ताजी फुले मिळाली, तेव्हा तळ गुळगुळीत असल्याचे दिसले. ट्रेसिंगवरची शाई ब्लेडने खरवडता येते खरी, पण खरवडलेल्या जागी पुन्हा रेघ ओढली की शाई फुटते, त्यामुळे ती आकृती मला नव्याने काढावी लागली. टॅब्लेटवर लव चित्राच्या वेगळ्या थरात (लेअरमध्ये) ठेवली असती, तर ते काम अर्ध्या तासात संपले असते.

ठिपक्यांच्या छटेत मात्र हाताला अजून तोड नाही. संगणकाला ठिपके भरायला सांगितले की ते सारख्या अंतराने पडतात आणि गोल फळ सपाट दिसू लागते. उजेड वरून डावीकडून येतो हा संकेत पाळायचा, तर अंधाऱ्या बाजूला ठिपके दाट होत गेले पाहिजेत, आणि त्यासाठी टॅब्लेटवरही ते एकेक करूनच टाकावे लागतात. म्हणजे इथे वेळेची बचत जवळजवळ नाही.

पेनाची देखभाल हा वेगळाच व्याप आहे. चार दिवस न वापरलेली बारीक निब चोंदते, आणि आपल्याकडे बरीचशी फुले मिळतात त्या ऑगस्ट-सप्टेंबरच्या दमट हवेत ट्रेसिंग पेपर लाटांसारखा फुगतो. पॉलिएस्टर फिल्म वापरली तर हा त्रास टळतो. शिवाय शाईचे चित्रही शेवटी संगणकात न्यावेच लागते. रेखाचित्र १२०० डीपीआयला, म्हणजे इंचाला १२०० ठिपक्यांनी, स्कॅन करायचे, तर ए-फोर कागदाची प्रतिमा सुमारे ९,९०० गुणिले १४,००० पिक्सेलची होते आणि तिच्यावरची धूळ हाताने पुसत बसावे लागते. इंकस्केपसारख्या मोफत प्रणालीत काढलेली व्हेक्टर रेघ (पिक्सेलऐवजी गणिती आकाराने साठवलेली) कोणत्याही आकारात तेवढीच स्वच्छ राहते.

मूळ चित्र हातात उरणे ही शाईची जमेची बाजू आहे. एकोणिसाव्या शतकात स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइट यांच्यासाठी रंगय्या आणि गोविंदू या चित्रकारांनी काढलेली दक्षिण भारतातल्या वनस्पतींची मूळ चित्रे एडिनबरोच्या वनस्पती उद्यानात आजही पाहता येतात. संगणकातली फाइल तेवढी टिकवायची, तर दर काही वर्षांनी ती नव्या साठवणीत हलवण्याची शिस्त हवी.

ज्यांना संशोधकांकडून नियमित कामे घ्यायची आहेत, त्यांनी टॅब्लेटच घ्यावा, कारण दुरुस्त्या येणारच. पडदा नसलेला साधा पेन टॅब्लेटही पुरतो. नुकतीच सुरुवात करणाऱ्यांनी पहिल्या आठ-दहा प्लेटा शाईने काढाव्यात, असे माझे मत आहे, आणि त्यासाठी ०.२ व ०.४ अशा दोन निबा पुरेत. साधन कोणतेही असो, मूळ माप दाखवणारी प्रमाणपट्टी चित्रातच काढावी, ‘दहा पट’ असे शब्दांत लिहू नये. चित्र लहान करून छापले की तो आकडा खोटा ठरतो, पट्टी मात्र चित्रासोबत लहान होते.