बेळगाव कॅम्पातलं पत्र्याच्या पेटीचं दुकान: पोराला फौजेच्या ट्रेनिंग सेंटरवर सोडायला जाताय, तर आधी इथं जा

माझा भाचा अग्निवीर म्हणून मराठा लाइट इन्फन्ट्रीत लागला. गडहिंग्लजवरून संकेश्वरमार्गे त्याला बेळगावला सोडायला मी आणि त्याचे वडील, म्हणजे आमचे दाजी, असे दोघं गेलो होतो. मी याच रेजिमेंटमधून हवालदार म्हणून पेन्शन आलोय. मधली काही वर्षं सेंटरवर उस्ताद, म्हणजे ट्रेनिंग देणारा, होतो. रंगरूटांच्या, म्हणजे नव्या भरती पोरांच्या, सामानाच्या पेट्या मी शेकड्यानं उघडून बघितल्यात. कुठली पेटी तिसऱ्या दिवशी रडवणार आणि कुठली पलटणीत पोचणार, हे झाकण उचललं की कळतं. त्यामुळं या दुकानाबद्दल मन लावून लिहितोय. नव्या पोरांच्या घरच्यांनी वाचावं म्हणून लिहितोय.

दुकान कॅम्पात आहे, हाय स्ट्रीटच्या बाजूच्या गल्लीत. बाहेर फुटपाथला लागून काळ्या पेट्यांची चळत दिसते, लगेच सापडतं. १९९६ला भरती झालो तेव्हा माझी पेटी आताच्या मालकांच्या वडिलांनी दिली होती. ती पेटी अजून घरात आहे, बायकोनं त्यात हिवाळ्याची पांघरुणं ठेवलीत. कड्या शाबूत आहेत.

पहिली गोष्ट पत्र्याची. भाच्याच्या बरोबर भरतीची तयारी करणाऱ्या एका पोरानं तालुक्याच्या गावात "भरती स्पेशल किट" म्हणून एकगठ्ठा सामान घेतलं होतं. त्यातली पेटी मी हातात घेतली, अंगठ्यानं दाबली, तर झाकण आत गेलं. असला पत्रा बॅरेकमध्ये टिकत नाही, कारण तिथं पेटी ही नुसती पेटी नसते. बूट घालताना पोरं तिच्यावर बसतात, रात्री तिच्यावर वही ठेवून लिहितात, वरचं काही काढायचं असलं की तिच्यावर चढतात. या दुकानात बावीस आणि चोवीस गेज असे दोन पत्रे मिळतात. आकडा जितका लहान तितका पत्रा जाड, हे लक्षात ठेवा. मालकांनी चोवीसवाली दाखवलीच नाही. बावीस गेजची काढली, जमिनीवर ठेवली आणि दाजींना म्हणाले, "बसा की पाव्हणं, उभं ऱ्हावा तिच्यावर." दाजी ऐंशी किलोचे. उभे राहिले. झाकण लवलं नाही. मग झाकण उघडून बिजागऱ्या दाखवल्या: तिन्ही रिवेट मारलेल्या, नुसत्या वाकवून बसवलेल्या नाहीत. कोपऱ्यांना वेगळी पट्टी. खाली दोन लाकडी पट्ट्या ठोकलेल्या, त्यामुळं पेटीचा तळ जमिनीपासून बोटभर वर राहतो. या पट्ट्यांचं महत्त्व बाहेरच्या माणसाला कळत नाही. बॅरेकची फरशी पोरंच पाणी ओतून धुतात, आणि बेळगावचा पाऊस जूनला सुरू झाला की चार महिने हवाच ओली असते. पट्टी नसलेल्या पेटीचा तळ पहिल्या पावसाळ्यात गंजतो आणि त्या गंजाचे डाग पांढऱ्या बनियनवर उतरतात. इन्स्पेक्शनला तो डाग सगळ्यात आधी दिसतो.

आकाराबद्दल दाजींचं म्हणणं होतं की मोठीच घेऊ, छत्तीस इंची, सगळं मावेल. मालकांनी नाही म्हटलं आणि तीस इंची दिली. मला हे फार आवडलं, कारण मोठी विकली असती तर त्यांनाच चार पैसे जास्त मिळाले असते. पेटी चारपाईखाली जायला पाहिजे आणि सगळ्या पेट्यांची तोंडं एका रेषेत दिसायला पाहिजेत. बाहेर आलेली पेटी अंधारात फॉल-इनला, म्हणजे रांगेत उभं राहायला, धावताना दुसऱ्याच्या नडगीला लागते. उस्ताद म्हणून मी अशा पेट्या कितीतरी वेळा मागं ढकलायला लावल्यात. शिवाय जास्त जागा असली की पोरं जास्त सामान भरतात, आणि बूट, बेडिंग, गणवेश हे सगळं सेंटर देणारच असतं. घरून नेलेली जीन्स आणि तीन-तीन टी-शर्ट आत गेल्यावर उघडून बघायलाही सवड मिळत नाही.

नाव रंगवायला एक वयस्कर पेंटर बसतात. पांढरा एनॅमल, बारीक ब्रश, पट्टी न लावता सरळ अक्षर. त्यांनी भाच्याला दहावीचा दाखला काढायला लावला आणि त्यावरचं स्पेलिंग बघून नाव घातलं. आधार आणि दाखल्यात एका अक्षराचा फरक होता, तो त्यांच्याच नजरेला आला. (हा फरक घरीच मिटवून जा. डॉक्युमेंटेशनला त्याच एका अक्षरावर पोरगं दिवसभर रांगेत उभं राहतं.) नावाच्या वर त्यांनी एक ओळ मोकळी सोडली, कारण आर्मी नंबर आत मिळतो. झाकणावर आणि पुढच्या बाजूला, दोन्हीकडं नाव घातलं. गावाचं नाव घालू का म्हणून दाजींनी विचारलं, तर पेंटर म्हणाले, "आत गाव नसतंय, नंबर असतोय."

आता कुलपाचं सांगतो. पोरांना नंबरचं कुलूप आवडतं, चावी सांभाळायला नको म्हणून. या दुकानात ते टांगलेलं होतं, पण रंगरूटाला देत नाहीत. पहाटे शिट्टी होते तेव्हा बाहेर काळोख असतो, बॅरेकमध्ये चाळीस पोरांची धावपळ, आणि त्या छोट्या आकड्यांच्या चकत्या डोळ्यांजवळ धरून जुळवायच्या म्हणजे फॉल-इनला उशीर ठरलेला. किल्लीचं कुलूप चाचपडून उघडता येतं. आम्ही गोदरेजचं नवताल घेतलं. एक किल्ली जाड काळ्या दोऱ्यात घालून भाच्याला दिली, दुसरी दाजींच्या खिशात गेली. मालकांनी बजावून सांगितलं की दुसरी किल्ली पेटीत ठेवायची नाही. मी इन्स्ट्रक्टर असताना कुलूप तोडायची हातोडी आठवड्याला एकदा तरी निघायची, आणि तुटणाऱ्या प्रत्येक कुलपाची दुसरी किल्ली पेटीत असायची.

झाकणाच्या आतून त्यांनी वहीच्या पानाएवढा आरसा बसवून दिला, चारी कोपऱ्यांना पत्र्याचे कान वाकवून. याचे वेगळे पैसे घेतले, पण सगळ्यांनी तो बसवून घ्यावा. ट्रेनिंगमध्ये रोज दाढी करावी लागते. मिसरूड न फुटलेल्या पोरालाही. साडेसतरा-अठरा वर्षांचं पोर आयुष्यात पहिल्यांदा ब्लेड हातात घेतं तेही पहाटेच्या गर्दीत, नळापाशी एका आरशात पाच तोंडं असताना. मग हनुवटी कापते, कॉलरला रक्त लागतं, आणि दिवसाची सुरुवातच बोलणी खाऊन होते. आरसा झाकणात असला की पेटी उघडायची, मगात पाणी घेऊन खाली मांडी घालून बसायचं आणि तिथंच उरकायचं. भाच्यानं पहिल्या पत्रात घरच्यांची खुशाली विचारायच्या आधी आरशाबद्दल लिहिलं होतं. शेजारची दोन पोरंही त्याच्याच पेटीपुढं बसून दाढी करतात म्हणे.

पत्राचं निघालंच तर सांगतो. मोबाईल आत गेल्या गेल्या जमा करून घेतला, त्यामुळं सुरुवातीला पत्रच. मालकांनी आम्हाला कॅम्पातल्या पोस्टात पाठवून अंतर्देशीय पत्रं आणायला लावली, अडीच रुपयाला एक. दाजींनी तिथंच उभं राहून त्यांच्यावर घरचा पत्ता घातला. दुकानात यातलं काही विकत नाहीत, सांगायची त्यांना गरज नव्हती.

बुटाच्या सामानात दुकान एक नंबर आहे. दोन ब्रश घ्या, एक पॉलिश लावायला, एक चमकवायला, आणि दोन्ही कधी एकमेकांत मिसळू देऊ नका. चेरी ब्लॉसम आणि किवी दोन्ही ठेवतात. बेल्टच्या बकलासाठी ब्रासोची छोटी डबी. मऊ सुती कापडाचे तुकडे त्यांनी फुकट दिले. भाच्याला मी दुकानाच्या पायरीवरच बुटाचं टोक करून दाखवलं: बोटाभोवती कापड घट्ट गुंडाळायचं, पॉलिश अगदी नखाएवढं, पाण्याचा एक थेंब, आणि लहान लहान गोल फिरवत राहायचं. जोर लावायचा नाही. आधी सगळं धुरकट दिसतं, मग खालून काळा उजेड यायला लागतो. मालक गल्ला सोडून बघायला आले आणि दुकानात आलेल्या दुसऱ्या दोन पोरांनाही त्यांनी बोलावून घेतलं.

नवा बूट पहिल्या आठवड्यात टाचेला फोड आणतोच. त्यासाठी त्यांनी जाड सुती मोजे आणि कापडी चिकटपट्टीचं रीळ दिलं. चिकटपट्टी फोड यायच्या आधी लावायची, आल्यावर नव्हे. सुई-दोऱ्याचा बटवाही घ्या, काळा, पांढरा आणि हिरवा दोरा बघून. खुणेची पक्की शाई घ्या, कारण वाळत घातलेले चाळीस बनियन सारखेच असतात. आणि खिशात मावेल अशी वही. पहिल्याच आठवड्यात रेजिमेंटची माहिती पाठ करून घेतात: सगळ्यात जुनी जंगी पलटण १७६८ची, सेंटर बेळगावात १९२२पासून, दुसऱ्या महायुद्धात इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे दोघं, १९४४ला नाईक यशवंत घाडगे आणि १९४५ला शिपाई नामदेव जाधव. भाच्याला मी ही नावं बसमध्येच लिहून दिली होती. रंगरूटाला कोणीही कधीही विचारू शकतं, आणि दिवसभर पीटी, ड्रिल करून थकलेलं डोकं रात्रीच्या रोल कॉलला काही लक्षात ठेवत नाही. वहीत असलं की लंगरच्या, म्हणजे जेवणाच्या, रांगेत उभ्या उभ्या वाचता येतं.

दोन तक्रारी आहेत, त्याही लिहितो. इथल्या हवाई चपला घेऊ नका. भाच्याच्या चपलेचा पट्टा पहिल्या आठवड्यातच बाथरूममध्ये निघाला आणि ओल्या फरशीवर तो घसरला. नशीब, हाड वाचलं. नाहीतर मेडिकलला दाखल आणि पोरगं मागच्या बॅचमध्ये. अग्निवीरांचं ट्रेनिंग एकतीस आठवड्यांचं, दहा बेसिक आणि एकवीस अॅडव्हान्स, आमच्यापेक्षा पुष्कळ आटोपशीर. त्यात चार आठवडे पडून राहणं परवडत नाही. चांगला रबरी तळ असलेल्या चपला घरूनच न्या. पेटीच्या बाबतीत इतका बारीक विचार करणारा माणूस असल्या चपला का ठेवतो, हे मी फोन करून त्यांना विचारलं. माल बदलतो म्हणाले. बदलला का ते पुढच्या वेळी बघून इथंच लिहीन.

दुसरी तक्रार गर्दीची. रिपोर्टिंगच्या दिवशी सकाळी तिथं उभं राहायला जागा नसते, मालक एकटे आणि एक पोऱ्या. त्या घाईत काही पालक चोवीस गेजची पेटी घेऊन गेलेले मी डोळ्यांनी बघितले, कारण सांगायला कोणी मोकळं नव्हतं. निदान पेट्यांवर गेज खडूनं लिहून ठेवायला पाहिजे.

भाव म्हणाल तर पेटी आम्हाला अठराशेला पडली, नाव रंगवून. बाकी सामान धरून तीन हजारांच्या आत झालं. तालुक्यातला तो गठ्ठा साडेचार हजारांचा होता आणि त्यात कामाच्या वस्तू निम्म्याही नव्हत्या. अग्निवीराला पहिल्या वर्षी महिन्याला तीस हजार, त्यातले हातात एकवीस. पण पहिला पगार येईपर्यंत जे काही लागतं ते बापाच्या खिशातून. आमचे दाजी कारखान्यात रोजंदारीवर आहेत. त्यांचे दीड हजार वाचले, याला माझ्या लेखी मोठी किंमत आहे. बिल हातानं लिहून देतात, मागायला लागत नाही.

कसम परेडला, म्हणजे ट्रेनिंग संपल्यावरच्या शपथेच्या परेडला, आम्ही सगळे गेलो तेव्हा भाच्याच्या पेटीची एका बाजूची कडी ढिली झाली होती. परेड झाल्यावर रिक्षात घालून दुकानात नेली. मालकांनी जुना रिवेट कापला, नवा मारला, दुसऱ्या बाजूचाही न सांगता बदलला आणि पैसे घेतले नाहीत. बहिणीनं आग्रह केला तर म्हणाले, "ताई, सुट्टीला येताना पोराला दुकानात पाठवा, एवढंच." पेंटरनी सोडलेल्या ओळीवर आत कोणीतरी नंबर घातला होता, तो वाकडा दिसला म्हणून त्यांनी पुसून सरळ घातला.

काही सेंटरांवर पेटी आतच घ्यायला लावतात, तेव्हा आधी रिपोर्टिंगचं पत्र नीट वाचा, त्यात सामानाची यादी असते. बेळगावला येत असाल तर आदल्या दिवशी दुपारी चारनंतर जा. दुपारी दुकान बंद असतं. एनॅमल सुकायला रात्र लागते, ओल्या रंगाची पेटी रिक्षात घातली की नाव पुसटतं. गेटपर्यंतची रिक्षा मालक ठरवून देतात आणि भाडं आधीच सांगतात. ऑनलाइन पैसे घेतात, पण आत नेट कमी येतं, रोख जवळ ठेवा.