शंभरीतला क्रेक्स कंपनीचा गालिचा, घ्यावा की नको?

अमेरिकेत मिनेसोटातल्या सेंट पॉलजवळच्या एका अँटिक दुकानातून 85 डॉलरला घेतला, चार बाय सात फुटी, फिकट सोनेरी रंग, कडेला हिरवी नक्षी. टॅगवर 'ज्यूट' लिहिलेलं, ते साफ चूक. दुकानदाराला सांगितलं तर त्याने खांदे उडवले. ज्यूटची कशी पिसं निघतात, इथे कोपऱ्यात उसवलंय तिथून अख्ख्या काड्याच बाहेर येतात, चकचकीत, तारेसारख्या, आणि पीळ देऊन वरून सुती दोरा गुंडाळलेला.

ही वायर ग्रास. नाव ग्रास असलं तरी गवत नव्हे, आपल्या लव्हाळ्याच्या, उटण्यातल्या नागरमोथ्याच्या खानदानातली, कॅरेक्स. त्या कॅरेक्सवरूनच कंपनीचं नाव क्रेक्स, आधीची अमेरिकन ग्रास ट्वाइन कंपनी, 1908 पासून क्रेक्स कार्पेट. मिनेसोटा-विस्कॉन्सिनच्या दलदलीतून कापणी व्हायची आणि माल सेंट पॉलच्या कारखान्यात यायचा. पुढे जमिनीवर अंथरायच्या लिनोलियमचा जमाना आला आणि 1930च्या दशकात कंपनीचं दिवाळं वाजलं.

आता वापराचं. दिसायला झकास, दोन्ही बाजूंनी वापरता येतो, उन्हाळ्यात पायाला गार लागतो. आई सांगलीहून आलीय, ती म्हणाली एवढे डॉलर घालून शेवटी चटईच आणलीस ना, पण दुपारी आडवी तिथेच होते. जानेवारीत मात्र हीटिंगने घर कोरडं ठाक आणि खुर्ची सरकवली की कट्कन काडी मोडायची, रोज सकाळी केरात चमचाभर तुकडे. स्प्रे बॉटलने थोडं पाणी मारलं तर मऊ पडतो आणि भिजल्या पेंढ्यासारखा वास सुटतो, जास्त मारलं की सुती दोरा काळा पडतो, माझा एक कोपरा असाच गेला.

याला पाण्याची एवढी ओढ का ते ऑक्टोबरमध्ये विस्कॉन्सिनमधल्या ग्रँट्सबर्गजवळ क्रेक्स मेडोज या दलदलीच्या अभयारण्यात गेलो तेव्हा कळलं. साधारण 30,000 एकर, कंपनीचं नाव अजून त्या जागेला चिकटलेलं. तिथल्या ओल्या पट्ट्यांत वायर ग्रास गुडघ्याच्या वर, पानं दोऱ्याएवढी बारीक, टोकं वाकडी. अशा जागेला फेन म्हणतात, म्हणजे नुसत्या पावसावर नाही, जमिनीतून झिरपणाऱ्या पाण्यावर जगणारी दलदल, तिथे ही वायर ग्रास जमिनीखालून खोडं पसरवत दरवर्षी परत फुटते, कापली तरी. एका पट्ट्यात पाय टाकला तर हातभर लांबची पानंसुद्धा हलली, खाली मुळांची गादी आणि त्याखाली पाणी! बूट गेला आत. वर सँडहिल क्रौंचांचा कलकलाट चालूच.

रेटिंग पाचपैकी तीन. पायाखाली घालायचा असेल तर नका घेऊ. मी आता हॉलच्या भिंतीवर टांगलाय, हीटरपासून लांब, आणि आईला टार्गेट नावाच्या दुकानातून दुसरी चटई आणून दिली.