बाथरूमची ओल: दहा महिने वापरल्यावर काय टिकलं आणि काय चुकलं

आमचं घर भुसावळला, बांधकाम जुनं, बाथरूमला लागूनच बेडरूम. मधल्या भिंतीला कमरेपर्यंत लोणा लागायचा, दरवर्षी खरडून पुट्टी मारायची आणि पोळ्यापर्यंत परत पोपडे. शेवटी मागच्या आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) नणंदा माहेरी यायच्या आत सगळं फोडून नवीन केलं. पावसाळा आणि थंडी दोन्ही बघून झाले म्हणून आता लिहितेय, काम झाल्याझाल्या तर सगळंच छान दिसतं.

आधी जमिनीचं सांगते. टाईल्स लावल्या म्हणजे पाणी अडलं असं मला वाटायचं, पण तसं नसतं, सांध्यांमधून थोडं पाणी खाली जातंच, अडवतं ते टाईलच्या खालचं कोटिंग. आम्ही दोन हात मारून घेतले, भिंतीवर एक फूट आणि शॉवरच्या बाजूला सहा फूट. मग नहाणी ट्रॅपला, म्हणजे पाणी जायच्या जाळीखालच्या भांड्याला, बोळा लावून 48 तास पाणी भरून ठेवलं. मी भिंतीवर पेन्सिलने रेघ मारली होती, दुसऱ्या दिवशी पाणी बोटभर खाली. मिस्तरी म्हणाले, "वहिनी, ऊन केवढं आहे, उडालं असेल." म्हणून परत रेघेपर्यंत भरलं आणि शेजारी बादलीत पाणी ठेवून तिलाही रेघ मारली. बादलीतलं जेमतेम उतरलं, जमिनीवरचं परत बोटभर. ट्रॅपच्या पाईपच्या कडेनेच जात होतं! तिथे परत भरून घेतलं, परत चाचणी केली, तेव्हा कुठे टाईल्स बसवू दिल्या. आपल्याकडे उन्हाळ्यात काम काढणाऱ्यांनी ही बादली नक्की ठेवा, नाहीतर गळती आणि ऊन यातला फरक कळणारच नाही.

जमिनीच्या टाईल्सच्या सांध्यात भरायला इपॉक्सी ग्राउट घेतलं, महाग पडलं पण बोअरच्या जड पाण्यातही अजून काळं पडलेलं नाही, भिंतीवरचं सिमेंटचं ग्राउट मात्र खालच्या दोन ओळीत मळलंय. क्षाराचे पांढरे डाग काढायला अ‍ॅसिड अजिबात वापरू नका, ते सिमेंटचे सांधे खातं. मी अंघोळीनंतर वायपरने भिंत ओढते, एक मिनिटाचं काम आहे आणि डाग धरतच नाहीत.

एवढं करूनही घोळ झालाच, आणि तो वाफेने झाला. पावसाळ्यात कोपऱ्यातलं सिलिकॉन काळं पडलं, ते साधं होतं, बुरशी न धरणारं घ्यायला हवं होतं, पण मी मनावर घेतलं नाही. दिवाळीत नरक चतुर्दशीला पहाटेपासून घरातली सात माणसं एकामागे एक कढत पाण्याने न्हाली आणि शेवटी पोरं आत गेली तेव्हा छतातून टपटप थेंब पडत होते. मला वाटलं गच्ची गळतेय. गच्ची कोरडी ठणठणीत, वाफच गार स्लॅबला लागून पाणी होत होती. आणि एक्झॉस्ट फॅन तर पहाटेपासून चालू होता!

मग मी फॅनच्या जाळीला वर्तमानपत्राचा तुकडा लावून बघितला. दार उघडं असलं की चिकटून राहायचा, दार लावलं की पडायचा. नवीन दार डब्ल्यूपीसीचं (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून केलेलं), खालून इतकं घट्ट की बाहेरची हवा आत यायला जागाच नाही, मग फॅन ओढणार काय? खिडकीच्या लुव्हर (आडव्या पट्ट्या) उघडल्या तर कागद चिकटला, पण फॅन त्याच खिडकीत वर बसवलेला, त्यामुळे तो खिडकीतलीच हवा घेऊन बाहेर फेकायचा आणि आतली वाफ तशीच. सुताराकडून दार खालून पाऊण इंच कापून घेतलं, आता अंघोळीच्या वेळी लुव्हर बंद ठेवते. आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल घड्याळ ठेवलंय, आधी तासाभरानंतरही 80 टक्क्यांच्या वर असायचं, आता 25 मिनिटात 60 च्या खाली येतं. एवढ्या खर्चात सगळ्यात जास्त फरक ह्या पाऊण इंचाने पडला, हे मी मनापासून सांगते.

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये ओला टॉवेल बघता बघता कडक होतो, त्यामुळे फॅनचं महत्त्व कोणाला वाटत नाही. सासूबाई तर अंघोळ झाली की लगेच बंद करायच्या. त्यांना हिशोब करून दाखवला, आमचा फॅन 30 वॅटचा, रोज तासभर चालला तरी महिन्याला एक युनिट होत नाही. आता त्याच आम्हाला आठवण करतात.

बेडरूमची भिंत मात्र पूर्ण सुधारली नाही. प्लास्टर काढल्यावर ती नीट वाळू द्यायला हवी होती, पण पाहुणे येणार म्हणून पेंटरने आठ दिवसात पुट्टी मारली आणि मीही गप्प बसले. ऑगस्टमध्ये एका कोपऱ्यात हातभर फुगारा आला. नवीन गळती नाही हे बघून घेतलंय, ट्रॅप बंद करून परत पाणी भरून ठेवलं होतं, रेघ हलली नाही. जुनीच ओल आत राहिलीय. तेवढा भाग एप्रिलमध्ये विटेपर्यंत खरडून मे संपेपर्यंत उघडा ठेवणार आहे, नणंदा आल्या तरी ह्या वेळी भिंत तशीच राहील.