कळंबोलीचं पंप कॅलिब्रेशन: स्वतः पंप उतरवून नेला, त्याचा अनुभव

उलव्याच्या साइटवर आमची बॅकहो मशीन दुपारी जेवायला बंद केली की परत लागायची नाही. सकाळी थंड असताना अर्ध्या सेल्फवर स्टार्ट, गरम झाली की बॅटरी उतरेपर्यंत नुसती फिरवायची. डिझेल पंपावर, म्हणजे नोझलना दाबाने डिझेल पुरवणाऱ्या पंपावर, ओलं गोणपाट टाकून थोडं थांबलं की लागायची. रोटरी पंपाची मशीन ज्यांनी चालवली आहे, त्यांना एवढ्यावरून कळेल: हेड-रोटर, म्हणजे पंपात दाब तयार करणारा फिरता भाग, झिजलाय. गरम डिझेल पातळ होतं, झिजलेल्या फटीतून निसटतं आणि सेल्फच्या कमी फेऱ्यांवर नोझल उघडण्याइतका दाबच तयार होत नाही.

एका गॅरेजने पंप न उघडताच "नवीनच टाका" म्हणून सांगितलं. त्याचा मला राग आला, अजूनही आहे. मोठे भाऊ, अण्णा, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत. ते म्हणाले, "पान्याला नंतर हात लाव, आधी सगळं धुऊन काढ." अख्खी सकाळ ब्रश आणि डिझेल घेऊन पंपाभोवतीची माती काढण्यात गेली. मग पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टीडीसीला (पिस्टन सगळ्यात वर) आणला, पंपाची फ्लँज आणि इंजिनाची टायमिंग केस यांवर मिळून छिन्नीने एक बारीक रेघ मारली, शाफ्ट लॉक केला आणि मगच डिलिव्हरी पाइपचे नट सोडले. उघड्या तोंडांना टोप्या कमी पडल्या, तेव्हा अण्णांनी रबरी हातमोज्याची बोटं कापून रबर बँडने बसवली. आमच्या इंजिनात पंपाचा गिअर टायमिंग केसमध्येच राहतो. पंप बाहेर असताना चुकून कुणी सेल्फ मारू नये म्हणून बॅटरीची केबलही काढून ठेवली.

पंप घेऊन कळंबोलीला गेलो. कॅलिब्रेशनचं दुकान स्टील मार्केटच्या बाजूला आहे. जुने ड्रायव्हर त्याला 'मायकोवाला' म्हणतात. मायको म्हणजे 1951 साली सुरू झालेली, डिझेल पंप बनवणारी कंपनी. 2008 मध्ये तिचं नाव बॉश लिमिटेड झालं, पण पंपाच्या धंद्यात जुनं नाव काही गेलं नाही.

दुकानातल्या मिस्त्रीकाकांनी पंप आधी होता तसाच, पंप फिरवून डिझेल मोजणाऱ्या बेंचवर चढवला आणि मला शेजारी उभं केलं. चार सिलिंडरच्या चार काचेच्या नळ्या. जास्त फेऱ्यांवर चारही बऱ्यापैकी भरल्या, पण सेल्फच्या फेऱ्यांवर एकीतही तेल खुणेपर्यंत येईना. उघडल्यावर रोटर माझ्या हातात दिला. आरशासारखा हवा, त्यावर उभ्या रेघा आणि गंजाचे तपकिरी ठिपके. "डिझेलमध्ये पाणी आहे दादा, तुमचं बॅरल तपासा." या पंपाला वंगण डिझेलचंच असतं, त्यामुळे पाणी गेलं की संपलंच. बॅरलच्या तळाशी खरंच पाणी निघालं. एवढं नीट समजावून सांगणारा माणूस मला या धंद्यात पहिल्यांदा भेटला.

नवीन हेड-रोटर, सील आणि कॅलिब्रेशन मिळून साडेअठरा हजार झाले. जुने पार्ट पिशवीत घालून परत दिले, नळ्यांची रीडिंग कागदावर लिहून दिली. तक्रार एकच: दोन दिवस सांगून चार लावले आणि फोन मीच करत राहिलो. ट्रेलरच्या रांगेमुळे गाडी लावायलाही जागा नाही.

बसवताना रेघेला रेघ जुळवली, डिझेल पाइपच्या बँजो बोल्टला (मधून पोकळ बोल्ट) नवे कॉपर वॉशर घातले. एअर काढायला मात्र तासभर गेला. आधी फिल्टर, मग पंपाचे ब्लीड स्क्रू, शेवटी नोझलकडचे नट सैल करून सेल्फ. त्या वेळी पाइपसमोर हात अजिबात धरू नका. दाबाचं डिझेल कातडीतून आत घुसतं. जखम सुईच्या टोकाएवढी दिसली तरी तडक हॉस्पिटल गाठा.

दुसऱ्या दिवशी चार तास खोदकाम करून भर दुपारी मशीन मुद्दाम बंद केली. अण्णा गोणपाट भिजवून उभेच होते. पहिल्या सेल्फला लागली.

तिथे जाणार असाल तर पंपावरची नंबर प्लेट घासून तिचा फोटो आधी पाठवा. हेड-रोटर त्या नंबरावरूनच मागवतात, आमचे दोन दिवस त्यातच गेले.