बाबांचा फोटो जोडून देतो म्हणाला, आणि दुसऱ्याच माणसाचा चेहरा दिला

आमचे बाबा 1997 साली गेले. आम्ही सगळे एकत्र आहोत असा एकही फोटो घरात नाही. यंदा आईला 75 पूर्ण झाली, म्हणून पुण्याचा दादा, मस्कतची ताई आणि मी, तिघांनी मिळून ठरवलं की पाच वेगवेगळे फोटो जोडून एक मोठा फॅमिली फोटो करायचा आणि फ्रेम करून आईला द्यायचा.

इन्स्टाग्रामवर जाहिरात दिसली. दिवंगत व्यक्तीला कुटुंबाच्या फोटोत बसवून मिळेल, फोटोशॉपमध्ये हातानं केलेलं काम, लेयरसकट पीएसडी फाइल, म्हणजे जोडलेल्या प्रत्येक फोटोचा थर वेगळा दिसेल अशी फोटोशॉपची मूळ फाइल. दर 3500 रुपये, अर्धे आगाऊ. मी बाबांच्या पोस्टकार्ड साइझ फोटोचा मोबाइलनंच फोटो काढला आणि बाकीच्यांच्या फोटोंबरोबर व्हॉट्सॲपवर पाठवून दिला. शंका तिथेच यायला हवी होती. खरं काम करणारा आधी मूळ फोटो मागतो, निदान नीट स्कॅन तरी. व्हॉट्सॲपवर फोटो दाबला जातो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, असं बजावतो. या माणसानं एक प्रश्नही विचारला नाही आणि वीस मिनिटांत नमुना पाठवला. मोबाइलवर तो इतका छान दिसला की ताईला व्हिडिओ कॉलवर रडू आलं. उरलेले 1750 मी तिथल्या तिथे पाठवले.

प्रिंट काढायला कराडच्या एका लॅबमध्ये गेलो. तिथल्या मुलानं फाइल उघडली आणि माझ्याकडे बघितलं. "काका, तुम्हाला 16 बाय 24 इंचाचा कॅनव्हास हवाय. ही फाइल 1024 बाय 1536 पिक्सेलची आहे. इंचाला 64 पिक्सेल येतात. निदान दीडशे तरी पाहिजेत." मग त्यानं पीएसडी उघडून दाखवली. आत एकच लेयर, तोही बॅकग्राउंडचा, कुलूप लागलेला. पाच फोटो जोडले असते तर पाच लेयर दिसले असते, प्रत्येकाच्या कडा झाकणारा मास्क दिसला असता, पायाखालच्या सावल्यांचा लेयर वेगळा असता. इथे काहीच जोडलेलं नव्हतं. आमचे फोटो एआयला दाखवून नवंच चित्र काढून घेतलं होतं.

वाढदिवस दोन दिवसांवर होता, म्हणून तरीही छोटी प्रिंट काढली. आईनं चष्मा लावला, फोटो खिडकीपाशी नेला आणि बाबांच्या उजव्या भुवईवर बोट ठेवलं. लहानपणी आडाच्या काठावर पडले होते ते, तिथे केस नसलेली बारीक रेघ होती. फोटोत भुवई सलग, काळीभोर. आई म्हणाली, "हे ह्यांचं तोंड नव्हे रे. कुणाचा फोटो आणलास?"

मी त्या माणसाला लिहिलं. त्याचं उत्तर आलं, मोठ्या फाइलचे वेगळे 1200 पडतील. भुवईबद्दल चकार शब्द नाही. लेयर मागितल्यावर त्यानं ब्लॉक केलं.

पुढे गावातल्याच एका स्टुडिओतल्या ताईंनी हे काम केलं, आणि असं काम कसं होतं ते मला तेव्हा कळलं. त्यांनी मूळ फोटो 600 डीपीआयला, म्हणजे इंचाला 600 ठिपके घेऊन, स्कॅन केला. बाबा भांग कुठल्या बाजूला पाडायचे, घड्याळ कुठल्या हातात घालायचे, हे विचारलं. फोटो उलटा छापला गेलाय का ते त्यावरून कळतं म्हणाल्या. बाबांच्या चेहऱ्यावर उजेड डावीकडून होता, म्हणून आमचेही फोटो तसेच उजेड पडलेले निवडले. मस्कतच्या ताईची सेल्फी त्यांनी बाजूलाच ठेवली, जवळून काढल्यामुळे तिच्यात नाक मोठं दिसत होतं. जुन्या फोटोचा दाणेदारपणा आमच्या गुळगुळीत मोबाइल फोटोंवर थोडा आणला, म्हणजे बाबा वेगळे चिकटवल्यासारखे वाटत नाहीत. चार दिवस लागले. भुवईतली रेघ जशीच्या तशी आहे.

तुम्ही असं काम देणार असाल तर सगळे पैसे देण्याआधी फाइल उघडून लेयर दाखवायला सांगा, स्क्रीन रेकॉर्डिंग पाठवलं तरी चालेल. फोटोशॉप नसेल तर फुकट मिळणाऱ्या गिंप (GIMP) या प्रोग्रॅममध्येही पीएसडीतले लेयर दिसतात. नमुना मोबाइलवर पास करू नका. कॉम्प्युटरवर चेहरा मोठा करा, शेजारी मूळ फोटो ठेवा आणि त्या माणसाबरोबर संसार केलेल्याला दाखवा. मी आईला सरप्राइज द्यायच्या नादात नेमकं तेच टाळलं.

आणि फसलात तर लाजून गप्प बसू नका. लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा, सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाका. चॅटचे स्क्रीनशॉट आणि यूपीआयचा व्यवहार क्रमांक जपून ठेवा. मी आठ दिवस घालवले, तेवढे घालवायला नको होते. तक्रार नोंदवली आहे, पैसे अजून आलेले नाहीत. त्या खात्यानं आता नाव बदललंय. नमुन्याचे फोटो मात्र जुनेच आहेत, पहिलाच आहे तो नऊवारीतल्या आजी आणि शेजारी फेटा बांधलेले आजोबा.