निस्तेज, निस्तेज आणि पुन्हा निस्तेज : एक इंग्रजी–मराठी पर्यायकोश

भाषांतराचे काम रोजचेच असल्यामुळे जूनमध्ये म्हापशाच्या एका दुकानातून 450 रुपयांना एक नवा इंग्रजी–मराठी पर्यायकोश घेतला. प्रकाशकाचे नाव येथे देत नाही. कोश हाती आला की मी त्यातले भारदस्त शब्द न पाहता फिकेपणा, मरगळ आणि बधिरपणा दाखवणारे शब्द आधी काढून पाहतो, कारण कोशकाराने मनापासून काम केले आहे की नुसती पाने भरली आहेत, हे तिथे लगेच उघडे पडते.

इंग्रजीची बाजू खरोखर चांगली आहे. ‘वॉन’ म्हणजे आज पांढुरका, आजारी दिसणारा; पण जुन्या इंग्रजीत हाच शब्द काळोखी, काळपट अशा अर्थाने वापरला जात असे, ही माहिती कोशाने दोन ओळींत नेमकी दिली आहे. ‘नम’ हा शब्द ‘घेणे’ या अर्थाच्या जुन्या क्रियापदापासून आला, म्हणजे संवेदना हिरावून घेतली गेलेला, आणि त्याच्या स्पेलिंगमधला मुका ‘बी’ मागाहून चिकटला, हेही नोंदवले आहे. ‘टॉर्पिड’ म्हणजे सुस्त, बधिर; त्याखालची टीप मला सर्वांत आवडली : ज्याच्या स्पर्शाने हात बधिर होतो त्या विजेच्या माशाला लॅटिनमध्ये ‘टॉर्पेडो’ म्हणत, आणि पाणतीराला ते नाव त्या माशावरून मिळाले. समुद्रकाठच्या माणसाला असली नोंद वाचून पुस्तक मिटवत नाही.

मराठीची बाजू मात्र वाचवत नाही. ‘पॅलिड’ म्हणजे निस्तेज, ‘वॉन’ म्हणजे निस्तेज, ‘लॅकलस्टर’ म्हणजे निस्तेज, आणि ‘डल’ म्हणजे निस्तेज, मंद. सुरी बोथट असते, आभाळाला मळभ येते, तडा गेलेले मडके बद्द वाजते, दुखणे बारीक असते आणि पोरगा मठ्ठ असतो. इंग्रजीला या सगळ्यांसाठी एक ‘डल’ पुरतो, पण मराठीला पुरत नाही, आणि पर्यायकोशाचे काम नेमके येथेच सुरू होते. ‘इन्सिपिड’ला ‘बेचव’ दिले आहे, ते चूक नाही. पण मीठ विसरलेल्या हुमणाला, म्हणजे माशांच्या कालवणाला, आमच्या घरी कोणी बेचव म्हणत नाही, अळणी म्हणतात, आणि अळणी भाषण हा प्रयोगही मराठीत रुळलेला आहे.

‘ड्रॅब’ची नोंद पाहून तर वाईट वाटले. फ्रेंचमधल्या कापडवाचक शब्दाशी या शब्दाचे नाते आहे. न रंगवलेले कापड, मग त्याचा मातकट रंग, मग कंटाळवाणे आयुष्य, असा त्याचा प्रवास कोशाने नीट सांगितला आणि पुढे पर्याय दिले ‘भुरकट’ आणि ‘नीरस’. पावसाळ्यानंतर पणजीत फोंतेन या रंगीत घरांच्या जुन्या वस्तीतल्या भिंती पाहिलेल्या माणसाला ‘विटका’ हा शब्द सुचू नये? विटणे हे क्रियापद रंगालाही लागते आणि मनालाही : भिंत विटते, त्याच त्या कामाला जीव विटतो. रंगापासून कंटाळ्यापर्यंतची वाट मराठीने एका शब्दात चाललेली आहे आणि नेमका तोच शब्द येथे नाही.

‘नम’पुढे ‘बधिर’ आणि त्यालाच जोडून ‘बहिरा’ छापले आहे. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका मुलीने त्यावर विसंबून ‘दात काढल्यावर ओठ बहिरा झाला’ असे लिहून आणले, तेव्हा हसावे की कोशकाराला पत्र लिहावे, ते कळेना. वाईट बातमी ऐकून माणूस होतो तो ‘सुन्न’, आणि हा शब्द तर त्या नोंदीत औषधालाही नाही.

बांधणी बरी आहे. दमट हवेत पाने थोडी फुगली, पण सुटली नाहीत. टाइप बारीक असल्याने चाळिशी लागलेल्यांनी भिंग जवळ ठेवावे. इंग्रजी शब्दांच्या कुळकथा वाचायच्या असतील तर कोश जरूर घ्यावा. मराठी शब्द शोधण्यासाठी घेणार असाल, तर पुढच्या आवृत्तीपर्यंत थांबलेले बरे.