घरगुती इम्पॅक्ट ड्रिल : अकरा महिन्यांच्या वापरानंतर

अकरा महिन्यांपूर्वी, घराच्या डागडुजीचा खर्च आटोक्यात राहावा म्हणून, मी ६०० वॅटचे, १३ मिलिमीटर चक (बिट पकडणारा जबडा) असलेले आणि वायरवर चालणारे एक साधे इम्पॅक्ट ड्रिल, म्हणजे फिरता फिरता ठोकेही देणारे छिद्रयंत्र, विकत घेतले. याहून स्वस्त यंत्रे होती. परंतु याच्यासोबत बिट (छिद्र पाडणाऱ्या सळ्या), गट्ट्या (स्क्रू पक्का बसावा म्हणून छिद्रात ठोकायचे तुकडे) आणि स्क्रू यांची शंभर तुकड्यांची पेटी मिळत होती आणि त्या पेटीला भुलून मी चार पैसे जास्त मोजले. तेव्हापासून प्रत्येक छिद्राची नोंद मी एका वहीत ठेवत आले आहे. आजवर या यंत्राने १६३ छिद्रे झाली : ९७ विटांच्या भिंतीत, ४१ लाकडात, १४ टाइलवर आणि ११ काँक्रीटमध्ये. काँक्रीटमधील अकरांपैकी पूर्ण खोलीपर्यंत गेलेली छिद्रे केवळ चार आहेत. या नोंदींवरून माझे मत असे झाले आहे की, मर्यादित खर्चात घर सावरणाऱ्याने यंत्र साधेच घ्यावे आणि वाचलेला पैसा चांगल्या बिट व गट्ट्यांसाठी ठेवावा. ती शंभर तुकड्यांची पेटी मी तिसऱ्या महिन्यात अडगळीत टाकली.

विटांच्या भिंतीबाबत या यंत्राविषयी माझी काहीही तक्रार नाही. ६ किंवा ८ मिलिमीटरचे छिद्र साधारण अर्ध्या मिनिटात होते, खोली मोजण्याची पट्टी बाजूच्या मुठीत घट्ट बसते आणि बटण हळू दाबले तर सुरुवातीचा वेग इतका कमी ठेवता येतो की बिट खुणेवरून घसरत नाही. भिंतीत फिरणाऱ्या वायरींचा अंदाज घेण्याची सवय मात्र यंत्र हाती घेण्याआधीच लावून घ्यावी लागते. स्विचबोर्ड किंवा सॉकेटच्या सरळ वर, खाली आणि आडव्या रेषेत मी छिद्र घेत नाही, कारण गिलाव्याखालची नळी बहुधा त्याच रेषांतून नेलेली असते.

खरा धडा मिळाला तो दुसऱ्या महिन्यात, जेव्हा मी लावलेली पुस्तकांची फळी तीन आठवड्यांनी एका बाजूने सुटून खाली आली. दोष पूर्णपणे माझा होता आणि तो समजून घेण्यासाठी मी भिंतीतील छिद्रांत खिळा घालून खोली मोजली. गट्टी ३० मिलिमीटर लांबीची होती आणि त्या भिंतीवरचा गिलावा, पुट्टी धरून, जवळजवळ २० मिलिमीटर होता. म्हणजे विटेत शिरलेला भाग जेमतेम १० मिलिमीटर होता. उरलेली गट्टी ज्या गिलाव्यात बसली होती, तो भार घेण्यासाठी नसतोच. तेव्हापासून मी गट्टीची लांबी गिलाव्याच्या आतल्या पृष्ठभागापासून मोजते. छिद्र करताना धुळीचा रंग बदलला की गिलावा संपून वीट लागली हे कळते, आणि त्या क्षणी पट्टीवर दिसणारा आकडा हीच गिलाव्याची जाडी असते.

दुसरी चूक कोनाची, अर्थात फळीखालच्या आधाराची होती. ३० सेंटिमीटर रुंद फळीवर दोन कोनांत मिळून २० किलो वजन असेल, तर प्रत्येक कोनावर १० किलो येते आणि ते भिंतीपासून साधारण १५ सेंटिमीटर अंतरावर आहे असे धरावे लागते. कोनाची उभी बाजू २० सेंटिमीटर असेल, तर वरच्या स्क्रूला भिंतीतून उपटून काढणारी ओढ सुमारे साडेसात किलोइतकी असते; उभी बाजू १० सेंटिमीटरच असेल, तर तीच ओढ दुप्पट, म्हणजे १५ किलो होते. पेटीतले कोन आखूड होते. ते बदलून लांब उभ्या बाजूचे कोन आणि ८ मिलिमीटर जाडीच्या, ५० मिलिमीटर लांबीच्या नायलॉनच्या गट्ट्या लावल्यावर तीच फळी गेले नऊ महिने हललेली नाही.

गट्टी ही वस्तू मला पूर्वी क्षुल्लक वाटत असे. पूर्वी सुतार भिंतीत चौकोनी भोक पाडून लाकडाचा तुकडा ठोकत. १९११ च्या सुमारास जॉन जोसेफ रॉलिंग्ज या इंग्रज कंत्राटदाराने तागाच्या तंतूंची गट्टी तयार केली आणि आपल्याकडे रूढ झालेला ‘रावल प्लग’ हा शब्द त्याच नावावरून आला. १९५८ मध्ये जर्मनीत आर्टुर फिशर यांनी आणलेल्या नायलॉनच्या गट्टीत छिद्राच्या आत जाणाऱ्या टोकाकडचा भाग फाकून भिंतीला घट्ट धरतो, आणि स्क्रू फिरवताना गट्टीने स्वतः फिरू नये म्हणून बाजूला पंख असतात. पेटीतल्या गट्ट्यांना पंख होते, पण त्या ठिसूळ प्लॅस्टिकच्या होत्या. स्क्रू अर्धा गेला की गट्टी छिद्रातच फिरू लागत असे. याचे आणखी एक कारण छिद्रातली धूळ असते. आता मी प्रत्येक छिद्र गट्टीपेक्षा १० मिलिमीटर जास्त खोल घेते, लहान कुंचल्याने दोनदा झाडते आणि मगच गट्टी हलक्या हाताने ठोकते.

काँक्रीटबाबत हे यंत्र घरातील प्रत्येकाची निराशा करील, असे मी स्पष्टपणे लिहीन. खिडकीवरच्या काँक्रीटच्या पट्टीत पडद्याची दांडी लावायची होती. वीस मिनिटे जोर लावूनही छिद्र १५ मिलिमीटरच्या पुढे सरकले नाही आणि बिटचे टोक निळे पडले. डब्यावर मिनिटाला ४४,८०० ठोके असा आकडा मोठ्या अक्षरांत छापलेला आहे, त्यामुळे मी बुचकळ्यात पडले होते. तो आकडा खोटा नाही. यंत्राचा वेग मिनिटाला २,८०० फेरे आणि आतील दातेरी चकतीचे १६ दाते यांचा तो गुणाकार आहे. इम्पॅक्ट ड्रिलमध्ये दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासून उडतात, त्यामुळे ठोका अतिशय लहान असतो आणि त्याचा जोर आपण मागून किती दाबतो यावर अवलंबून राहतो. रोटरी हॅमरमध्ये मात्र हवेच्या दाबावर धावणारा दट्ट्या स्वतंत्रपणे आघात करतो. त्याचे ठोके मिनिटाला चार-पाच हजारांच्या घरात असले तरी प्रत्येक ठोका कितीतरी भारी असतो आणि हाताला जोर लावावा लागत नाही. म्हणून ठोक्यांच्या आकड्यावरून कोणीही यंत्र निवडू नये. घरातील काँक्रीटची कामे मोजून चार-पाचच असतील, तर ती साठवून ठेवावीत आणि एका दिवसासाठी रोटरी हॅमर भाड्याने आणून एकदम उरकावीत. मी अखेर तेच केले आणि सहा छिद्रांना मिळून पाऊण तास पुरला.

त्या निळ्या पडलेल्या बिटविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. भिंतीसाठीच्या बिटच्या टोकाला टंगस्टन कार्बाइडचा तुकडा डाख देऊन बसवलेला असतो. कार्बाइड स्वतः उष्णतेला दाद देत नाही, पण डाख मऊ होतो आणि तुकडा निसटतो. पेटीतल्या पाच बिटपैकी तीन अशाच गेल्या. गरम बिट पाण्यात बुडवणे हाही उपाय नव्हे, कारण एकाएकी थंड झाल्याने कार्बाइडला तडा जाऊ शकतो. शेजारच्या सुतारकाकांनी एकदा मला थांबवून म्हटले, “अगं, दाबू नकोस एवढं, मध्ये मध्ये बाहेर काढ, धूळ पडू दे.” त्या एका वाक्याने नव्या बिटचे आयुष्य वाढले. स्वतंत्रपणे घेतलेल्या ६ आणि ८ मिलिमीटरच्या दोन चांगल्या बिटवर विटांच्या भिंतीतील सत्तरहून अधिक छिद्रे झाली आहेत आणि त्यांची धार अजून टिकून आहे.

टाइलवरची चौदा छिद्रे न्हाणीघरात झाली. पहिल्या छिद्रात टाइलला तडा गेला, कारण ठोक्याची कळ चालू राहिली होती. त्यानंतर भाल्याच्या टोकासारखे बिट, खुणेवर चिकटवलेली कागदी पट्टी, मंद वेग आणि ठोका बंद, हा क्रम मी मोडलेला नाही. टाइल पार झाल्यावरच भिंतीचे बिट लावून ठोका सुरू करते. उरलेली तेरा छिद्रे शाबूत आहेत. लाकडातील कामाविषयी विशेष सांगण्यासारखे नाही. बिजागऱ्या, कड्या आणि खणांच्या मुठी बसवताना यंत्र जड वाटते, एवढेच.

कुरबुरीही आहेत. वायर आखूड असल्याने प्रत्येक वेळी जोडवायर लागते. बटण दाबून अडकवून ठेवणारी छोटी खुंटी अंगठ्याच्या अगदी खाली येत असल्याने ती नकळत दाबली जाते, आणि बिट अडकले असता यंत्र फिरतच राहून मनगटाला झटका बसतो. माझ्या मते ही या यंत्राची सर्वांत गंभीर उणीव आहे. पाचव्या महिन्यात रंग ढवळण्यासाठी मी ते मंद वेगावर बराच वेळ चालवले आणि जळका वास आला. आतील पंखा मोटरच्याच दांड्यावर असतो, त्यामुळे वेग कमी तशी हवाही कमी, हे तेव्हा लक्षात आले. आता जड काम झाल्यावर यंत्र एक मिनिट मोकळे आणि पूर्ण वेगाने फिरवून थंड करते. नवव्या महिन्यात मागच्या जाळीतून ठिणग्या वाढल्या. मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे दोन्ही कार्बन ब्रश एकदम बदलल्यावर त्या थांबल्या आणि हे काम पेचकसाने दहा मिनिटांत झाले. ब्रश बाहेरून काढता येतील अशी झाकणे असलेले यंत्र घ्यावे, हा आग्रह मी पुढच्या खरेदीतही धरीन.

धूळ आणि आवाज यांकडे मी सुरुवातीला दुर्लक्ष केले. काँक्रीट आणि विटेच्या धुळीत सिलिका असते व तिचे बारीक कण फुप्फुसात राहतात, म्हणून साधा रुमाल पुरत नाही. एन-९५ दर्जाचा मास्क, डोळ्यांना गॉगल आणि कानांत बोळे हा खर्च यंत्राच्या खर्चातच धरावा. छिद्राखाली दुमडलेला कागद चिकटवला, तर निम्मी धूळ तरी जमिनीवर पडत नाही.

हिशेब मांडायचा तर, यंत्र, नंतर घेतलेल्या बिट, गट्ट्या, ब्रश, मास्क आणि भाड्याचा एक दिवस एवढा सगळा खर्च सातव्या महिन्यात भरून निघाला. कारण एरवी फळी, दांडी किंवा आरसा अशा एकेका कामासाठी माणूस बोलवावा लागला असता आणि लहान कामाची मजुरीही पूर्ण फेरीचीच द्यावी लागते. त्यानंतरची कामे केवळ गट्टी-स्क्रूच्या खर्चात झाली. अर्थात, वर्षाकाठी चार-सहाच छिद्रे करणाऱ्याला हा हिशेब लागू पडणार नाही. त्याने यंत्र मागून आणावे आणि गट्ट्या तेवढ्या स्वतः निवडाव्यात.

सध्या चक किंचित डगमगू लागला आहे. तिन्ही भोकांत चावी घालून सारखा आवळला तरी बारीक बिटचे टोक गोल फिरताना डोळ्यांना दिसते. ६ मिलिमीटरच्या पुढच्या छिद्रांना त्याने फरक पडत नाही. ३ मिलिमीटर आणि त्याखालच्या बिट मात्र मी आता त्यात लावत नाही आणि बिजागऱ्यांची बारीक छिद्रे जुन्या हातड्रिलनेच करते.